फेरमोजणी हा हक्कच हवा

११,६०८ विरुद्ध ११,६०८. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या प्रतिनिधीगृहाच्या २०१७च्या निवडणुकीत ९४व्या मतदारसंघात दोन उमेदवारांची अशी बरोबरी झाली. आधी रिपब्लिकन डेव्हिड यान्सी दहा मतांनी पुढे होते. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सिमन्ड्स एका मताने जिंकल्या. दुसऱ्याच दिवशी तीन न्यायाधीशांनी एक वादग्रस्त मतपत्रिका यान्सी यांच्या बाजूने मोजली. तिच्यावर दोघांच्याही नावांपुढे खूण होती. अखेर ४ जानेवारी २०१८ रोजी चिठ्ठी टाकावी लागली. कौल यान्सींना मिळाला आणि रिपब्लिकन पक्षाचे ५१-४९ असे बहुमत टिकले. चिठ्ठी सिमन्ड्स यांच्या नावाची निघाली असती, तर सभागृह ५०-५० असे दुभंगले असते.

शेवटी निकाल चिठ्ठीने लागला खरा, पण त्याआधी मते पुन्हा मोजली गेली आणि वादाचा निवाडा न्यायालयात झाला. तेथे मतांतील फरक एक टक्क्याच्या आत असेल, तर पराभूत उमेदवाराला फेरमोजणी मागता येते.

आपल्याकडे असा हक्क नाही.

अटीतटीच्या लढती मात्र आपल्याकडेही होतात. २००८मध्ये राजस्थानात नाथद्वारा येथे काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी अवघ्या एका मताने पडले आणि मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीतून बाहेर फेकले गेले. त्याआधी २००४मध्ये कर्नाटकातील संतेमरहळ्ळीचा निकालही एकाच मताने लागला होता. २०२४मध्ये मालेगाव मध्यमधील विजय १६२ मतांचा होता.

निवडणूक नियम, १९६१ मधील नियम ६३नुसार उमेदवार फेरमोजणीचा अर्ज करू शकतो. तो अवाजवी वाटल्यास निवडणूक निर्णय अधिकारी कारणे नोंदवून फेटाळू शकतो. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची पडताळणीही प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाचच मतदान केंद्रांपुरती होते. मग उरतो उच्च न्यायालयातील निवडणूक याचिकेचा मार्ग. तिचा निकाल लागेपर्यंत विधानसभेची मुदत सरत येते. एवढ्या काळात न्याय मिळाला, तरी तो कागदावरच राहतो.

केंद्र सरकारने निवडणूक आयोगाशी सल्लामसलत करून नियम ६३ बदलावा. मतांतील फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल, तर अर्जाची वाट न पाहता सर्व मतदान केंद्रांच्या चिठ्ठ्या त्याच मोजणी केंद्रावर, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, सरकारी खर्चाने मोजाव्यात. हरलेल्या उमेदवाराला आणि त्याच्या मतदारांना मतमोजणीबद्दल शंका उरू नये, ही जबाबदारी निवडणूक घेणाऱ्या यंत्रणेची आहे.