हरलेल्या कवींचा हिशेब

काव्यस्पर्धा हा गुणगौरवाचा सोहळा आहे, व्यवहार नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जेथे प्रवेशशुल्क आले तेथे व्यवहार आला, आणि हिशेब मागण्याचा अधिकारही आला. अमेरिकेत नवोदित कवीचा पहिला संग्रह बहुधा अशा सशुल्क स्पर्धेतूनच छापला जातो. शुल्क साधारण 20 ते 30 डॉलर. समजा, हजार कवींनी प्रत्येकी 25 डॉलर भरले, तर 25,000 डॉलर जमतात; विजेत्याच्या हाती त्यांतील हजार-दोन हजार पडतात. म्हणजे प्रकाशनाचा भार वाचकावर नव्हे, हरलेल्या 999 जणांवर पडतो. आपली कविता कोणीतरी निःपक्षपातीपणे वाचील, एवढ्याच भरवशावर ते तो उचलतात.

जॉर्जिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेच्या काव्यमालेत परीक्षकांची नावे गुप्त राखली जात. ओरेगॉनमधील एका ग्रंथपालाने जॉर्जिया राज्याच्या खुल्या दप्तराच्या कायद्याचा आधार घेऊन ती मिळविली. तेव्हा उघड झाले की, 1999 च्या स्पर्धेत एका ख्यातनाम कवयित्रीने निवडलेला संग्रह तिच्याच विद्यापीठातील सहकाऱ्याचा होता. पुढे त्या दोघांचा विवाहही झाला. संकोच वाटल्याने आपण मालेच्या संपादकाला निर्णय घेण्यास सुचविले होते, असे तिचे म्हणणे पडले. ते खरे मानले तरी ज्यांनी शुल्क भरले होते त्यांना यातले काहीच कळविले गेले नव्हते, हा मुद्दा उरतोच. या गदारोळानंतर 2005 मध्ये अमेरिकेतील साहित्यिक नियतकालिके व प्रकाशकांच्या संघटनेने स्पर्धांसाठी आचारसंहिता केली. हितसंबंध टाळावेत, निवडीची पद्धत जाहीर असावी, असे ती सांगते. मात्र ती ऐच्छिक आहे.

हस्तलिखितावरील नाव खोडले की न्याय झाला, हा भाबडेपणा होय. दोन वर्षे ज्याच्या कविता दुरुस्त केल्या त्या शिष्याची ओळ गुरूला नावाविना ओळखता येते. म्हणून परीक्षक आधी जाहीर हवा, आणि त्याच्या शिष्यांना, सहकाऱ्यांना, नातलगांना त्या वर्षी प्रवेश नको.

महाराष्ट्रात तर याच्या उलटही घडले. 2022 च्या डिसेंबरात राज्य शासनाने जाहीर झालेला एक अनुवाद-पुरस्कार सहा दिवसांत रद्द केला आणि निवड समितीही मोडीत काढली. तेथे परीक्षकांवर सत्तेची कुरघोडी झाली. परंतु गावोगावची वाचनालये व मंडळे ज्या स्पर्धा भरवितात, त्यांना कोणी अडविलेले नाही. किती प्रवेशिका आल्या, किती शुल्क जमले, ते कशावर खर्च झाले आणि कोणी निर्णय दिला, एवढे चार तपशील निकालासोबत फळ्यावर लावण्यास खडूखेरीज काही लागत नाही. कार्यकर्ते ज्या वाचनालयांच्या कार्यकारिणीवर आहेत, तेथून हे येत्या स्पर्धेपासूनच सुरू व्हावे.