टपालाची जुनी वाहने

पत्र हाती पडले की पाठवणाऱ्याची आठवण होते; ते वाहून आणणाऱ्याची आठवण क्वचितच होते. जुनी तिकिटे लोक हौसेने जमवतात व निगुतीने जपतात. जुनी टपालगाडी मात्र मोडीत निघते. हा भेद न्याय्य नव्हे.

१८५४ साली भारतात देशभर एकच टपालदर सुरू झाला आणि अर्ध्या आण्यात पत्र कितीही दूर जाऊ लागले. तिकिटावरून हे मोल कळते. त्यामागील श्रम कळत नाहीत. ते जाणण्यासाठी घुंगरू बांधलेला भाला घेऊन रानातून धावणारा हरकारा, टपालाचा टांगा, आगगाडीतील टपालाचा डबा आणि तांबडी मोटार यांच्याकडेच वळावे लागते.

भंडारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड हे स्थानक शहरात नसून सुमारे १० किलोमीटर दूर वरठी येथे आहे. तेव्हा आगगाडीने आलेले टपाल शहरात आणण्यास आणखी एक वाहन हवेच. कोणत्या काळी ते कोणते होते? वैनगंगेला पूर आला असता पलीकडील गावांचे टपाल कसे जात असे? शेजारच्या नागपुरास १९४९ साली रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने तेथे रात्री एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. तिच्यामुळे भंडाऱ्याचे पत्र किती लवकर पोचू लागले? या प्रश्नांची उत्तरे जुनी वाहने, त्यांच्या नोंदवह्या आणि वृद्ध टपालसेवकांच्या आठवणी यांतूनच मिळतील.

शाळा-दवाखान्यांना पैसा हवा असता गंजलेल्या लोखंडावर खर्च कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. प्रत्येक गाडी जपणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. प्रत्येक प्रकारचे एक वाहन राखावे. उरलेल्यांची छायाचित्रे, मोजमापे व हकीकत लिहून ठेवावी. याला पैशाहून आस्था अधिक लागते. लंडनमध्ये १९२७ पासून टपाल वाहणारी भुयारी रेल्वे २००३ साली बंद पडली; परंतु तिचे बोगदे जतन झाले आणि २०१७ साली लोकांना पाहण्यास खुले झाले.

भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. वस्तू व्यवहारातून जाते तेव्हा तिचे मोल वाटत नाही, आणि मोल वाटू लागते तेव्हा वस्तू उरलेली नसते. म्हणून गावातील वृद्ध टपालसेवकास आजच विचारावे आणि तो सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे. संशोधनाचा आरंभ एवढ्यानेही होतो.