डावखुऱ्यांची बाजू

पक्षपात करणे यास आपण ‘डावे-उजवे करणे’ म्हणतो. हा शब्दप्रयोग ज्यांनी रूढ केला ते बहुधा उजवेच असावेत! दर दहा माणसांमागे सुमारे एक डावखुरा असतो. आणि अशा मुलाच्या डाव्या हातातील पेन्सिल काढून ती उजव्या हातात देणारी वडीलधारी मंडळी अजूनही आढळतात. त्यांचा हेतू चांगला असतो, हे मान्य. परंतु ज्यास ते खोड समजतात ती खोड नव्हे, शरीराची घडण आहे.

हात हलविण्याची आज्ञा मेंदूच्या पृष्ठभागावरून निघते. प्रत्येक गोलार्धातून सुमारे १० लक्ष मज्जातंतूंची जुडी खाली उतरते. मेंदू जेथे संपून मज्जारज्जू सुरू होतो, तेथे त्यांतील शेकडा ७५ ते ९० तंतू बाजू बदलतात. उजवीकडचे डावीकडे जातात, डावीकडचे उजवीकडे. म्हणूनच मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला की उजवे अंग लुळे पडते. १८७० साली बर्लिन येथे फ्रिच व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूस एका बाजूने विजेचा सौम्य स्पर्श केला, तो विरुद्ध बाजूचे पाय हलले! तेव्हा डाव्या हाताने लिहिणारा मुलगा उजव्या मेंदूची आज्ञा पाळीत असतो. मुलाचा कल कोणत्या हाताकडे आहे, हे जन्मापूर्वीच दिसू लागते, असेही अभ्यासकांना आढळले आहे. मग छडी उगारावयाची ती कोणावर?

सवयीने सर्व साधते, असे कोणी म्हणेल. साधते खरे. १९०९ साली बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना उजवा हात थकला, तेव्हा गांधीजींनी डाव्या हाताने लेखन चालू ठेवले. पण ते स्वेच्छेने. त्यांच्यामागे कोणी उभे नव्हते. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करीत, सही मात्र डाव्या हाताने करतात. त्यामुळे त्यांच्या धावा कोणी कमी मोजल्या नाहीत.

देवाचा प्रसाद उजव्या हाताने घ्यावा, हा घरचा शिष्टाचार मुलाने अवश्य पाळावा. लेखणीची गोष्ट निराळी. परीक्षेत तीन तासांत उत्तरपत्रिका पुरी करावयाची असते. तेथे परक्या हाताने लिहिणाऱ्याची कुचंबणा होते.

शाळेस यासाठी खर्च काहीच नाही. डावखुऱ्या विद्यार्थ्यास बाकाच्या डाव्या टोकास बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपरास कोपर लागणार नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्याचा हात ओल्या शाईवरून फिरतो व अक्षरे फरफटतात. वही किंचित उजवीकडे कलती ठेवून हात ओळीच्या खाली धरण्यास त्याला पहिल्याच वर्षी शिकवावे.