क्युबिटांचा जयघोष आणि जुनी कुलुपे

राष्ट्रीय क्वांटम अभियानाची बातमी आली की मथळा ठरलेला: ‘सर्व उत्तरे एकाच वेळी तपासणारा संगणक’! विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी हे वाक्य पुढे पाठवू नये. क्युबिट शून्य आणि एक यांच्या अध्यारोपणात असतो, हे खरे. पण मापन केले की हाती एकच उत्तर लागते, आणि नुसत्या अध्यारोपणातून ते यदृच्छेनेच लागेल. सारे कसब व्यतिकरणात आहे. चुकीच्या उत्तरांचे आयाम परस्परांना नष्ट करतील आणि योग्य उत्तराचा आयाम वाढेल, अशी रचना करावी लागते. ती मोजक्याच प्रश्नांत साधते. मोठ्या संख्येचे अवयव पाडणे हा त्यांपैकी एक. पीटर शोर यांनी १९९४ साली ते दाखवले. आणि आपल्या बँकांची, सरकारी संकेतस्थळांची कुलुपे नेमकी याच प्रश्नाच्या (व त्याच्या एकदोन भावंडांच्या) अवघडपणावर उभी आहेत.

ती फोडू शकेल असा संगणक आज नाही. म्हणून निश्चिंत राहावे काय? आज चोरून साठवलेली कूटबद्ध माहिती उद्या उघडता येईल. कार्डाचा क्रमांक तोवर बदललेला असेल. रुग्णाची जनुकीय नोंद आणि बोटांचे ठसे बदलत नाहीत.

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, ६,००३.६५ कोटी रुपयांच्या या अभियानात क्वांटम संदेशवहनाचे केंद्र चेन्नईच्या आयआयटी मद्रासकडे आहे. दोन हजार किलोमीटरपर्यंत सुरक्षित संदेशवहन हे अभियानाचे एक उद्दिष्ट. काम मोलाचेच आहे. परंतु प्रकाशकणांद्वारे गुप्त किल्ली पोहोचवण्यास खास उपकरणे लागतात. ती तालुक्याच्या दवाखान्यात आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बसणार नाहीत. शिवाय पलीकडचा माणूस खरोखर तोच आहे काय, याची ग्वाही ही पद्धत स्वतः देत नाही. सर्वसामान्यांचे रक्षण करील ते आजच्याच संगणकांवर चालणारे नवे कूटगणित. त्याची पहिली तीन मानके अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. आयआयटीजवळच, तरमणीतील ‘सेट्स’ ही संस्था या विषयावर संशोधन करते. तिच्यावर एखादा मथळा कधी वाचल्याचे आठवते?

कुलपे बदलण्याच्या कामाला छायाचित्र नसते, फीत कापणे नसते. जुनी प्रणाली शोधा, तिचा पुरवठादार गाठा, चाचणी घ्या, मग बदला: वर्षानुवर्षे चालणारे हे रूक्ष काम. तेव्हा पुढच्या क्वांटम परिषदेत क्युबिट किती, हे विचारण्याआधी विचारा: कोणत्या खात्याने आपल्या जुन्या कुलुपांची यादी केली आहे, ती बदलण्याची तारीख कोणती, आणि त्या यादीत सरकारी रुग्णालये आहेत काय?