थांबण्यात कमीपणा कसला?

परीक्षा संपली की आपल्याला सुट्टीचे वेध लागतात. कोणी आजोळी जातो, कोणी आईवडिलांबरोबर एखादे प्रेक्षणीय स्थळ पाहायला जातो, तर कोणी मित्रांबरोबर सहलीला निघतो. प्रवास जरूर करावा. नवा मुलूख पाहिला, नवी माणसे भेटली की ज्ञानात भर पडते. निघताना आपण कपडे, खाऊ, चेंडू सारे आठवणीने पिशवीत भरतो. पण एक गोष्ट बरोबर घ्यायला बहुतेक जण विसरतात. ती म्हणजे थांबण्याची सवय.

मुंबईचा हाजी अली दर्गा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. हा दर्गा समुद्रात, एका खडकाळ बेटावर आहे. किनाऱ्यापासून तिथपर्यंत जाणारा रस्ता मोठ्या भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. तेव्हा लांबून आलेले लोकही किनाऱ्यावर थांबतात. ओहोटी लागून रस्ता मोकळा झाला की मगच पुढे जातात. त्यांना कोणी भित्रे म्हणते का? मग कोकणच्या किनाऱ्यावर एखादा कोळी 'आता पाण्यात उतरू नका' असे म्हणाला, तर आपल्याला राग का यावा?

समुद्राचेही एक वेळापत्रक असते. सुमारे सहा तास पाणी चढते आणि सुमारे सहा तास उतरते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. म्हणून काल दुपारी जिथे खेळलात, तिथे आज त्याच वेळी पाणी तेवढेच असेल असे समजू नका. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते. तिला उधाणाची भरती म्हणतात. आता विचार करा. रमजान ईदचा चंद्र अमावास्येनंतर लगेच दिसतो. म्हणजे ईदच्या सुट्टीत किनाऱ्यावर गर्दी होते, नेमके त्याच दिवसांत समुद्राला उधाण असते! हे ध्यानात ठेवा आणि तिथल्या माणसांना भरतीची वेळ विचारूनच पाण्याजवळ जा.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, हे सर्वांना दिसते. पण शांत दिसणारा समुद्रही फसवतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात बुडून मृत्यू पावले. तेव्हा पावसाळा नव्हता. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी कधी कधी एका अरुंद वाटेने जोरात मागे जाते आणि माणसाला आत ओढून नेते. अशा ओढीत सापडलात तर घाबरू नका. ओढीच्या विरुद्ध पोहून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या आणि मगच किनाऱ्याकडे वळा. पोहता येत नसेल तर तरंगत राहा, हात वर करून मदत मागा. मित्र बुडताना दिसला तर स्वतः उडी मारू नका. दोरी किंवा झाकण लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे फेका आणि मोठ्या माणसांना बोलवा. एकाला वाचवायला जाऊन दुसरा बुडावा, याला शौर्य म्हणता येत नाही.

खाण्यापिण्यातही हीच गोष्ट लागू पडते. उन्हात तहान लागते आणि समोर बर्फाचे रंगीत सरबत दिसते. तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे आपल्याला कुठे माहीत असते? थोडे थांबा. घरून आणलेले उकळलेले पाणी प्या. उघड्यावरचे, माश्या बसलेले पदार्थ खाण्यापेक्षा सालीसकट मिळणारे केळे किंवा संत्रे बरे. एवढे करूनही जुलाब लागलेच तर शरीरातले पाणी कमी होऊ देऊ नका. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली होती. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर यांचे पाणी पाजून असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. आज तशी पाकिटे औषधांच्या दुकानात मिळतात. पाकीट नसेल तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचाच घ्या. हे पाणी थोडे थोडे पीत राहा.

एका बाबतीत मात्र मुळीच थांबू नका. ती म्हणजे डॉक्टरांकडे जाणे. खेड्यात अंधारात विंचू चावला, साप चावला, तर झाडफूक करण्यात वेळ घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध कितीही चांगले असले, तरी रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोहोचायला हवा. म्हणून १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक पाठ करून ठेवा. सकाळी बूट घालण्याआधी ते झटकायला विसरू नका.

तुम्ही म्हणाल, "आम्ही थांबलो तर मित्र हसतील." हसू द्या! चालत्या गाडीत चढू नको, असे सांगणारा मित्र तुमची मजा घालवत नाही. गाडी सुटली तर दुसरी मिळते. हातपाय दुसरे मिळत नाहीत. रस्त्याच्या कडेला 'अति घाई, संकटात नेई' अशी पाटी तुम्ही वाचली असेल. ती केवळ वाहनचालकांसाठी आहे असे समजू नका.

माझ्या मते, दहा जणांच्या टोळीत 'चला' म्हणणारे नऊ जण सहज मिळतात. 'थांबा' म्हणायला खरे धाडस लागते. या सुट्टीत तो दहावा मुलगा किंवा ती दहावी मुलगी तुम्ही व्हा. मग जितके जण हसत-खेळत घरून निघतील, तितके सगळे हसत-खेळत घरी परततील.