शेजाऱ्याच्या धर्मातील सत्य आणि आपली श्रद्धा

भाद्रपद महिना उजाडला की घणसोली गावात घरोघरी गणपती येतो. गावातील अरुंद गल्ल्यांत मूळच्या आगरी-कोळी कुटुंबांच्या शेजारी, भाड्याच्या खोल्यांतून, आपली काही ख्रिस्ती कुटुंबेही राहतात. संध्याकाळी शेजारची माउली मोदकांचे ताट घेऊन दारात उभी राहते आणि आपल्या घरात कुजबुज सुरू होते. घ्यावे की न घ्यावे? वरवर पाहता हा प्रश्न प्रसादाचा आहे. मुळात तो अधिक खोल आहे. आपल्या आजारपणात रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या या माउलीच्या श्रद्धेत काही सत्य आहे, की ती सर्वस्वी चूकच आहे?

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचे उत्तर दिले, त्याला २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ६० वर्षे पूर्ण झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र १९६५ साली त्याच दिवशी प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, युखारिस्त परिषदेच्या निमित्ताने, पोप सहावे पॉल आपल्या खाडीपलीकडच्या मुंबईत आले होते. ३ डिसेंबर १९६४ रोजी विविध धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी असत्याकडून सत्याकडे नेण्याची विनवणी करणाऱ्या बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. परमेश्वराच्या शोधाची ती तळमळ त्यांना परकी वाटली नाही.

‘नोस्त्रा एताते’मध्ये दोन विधाने शेजारी-शेजारी उभी आहेत. इतर धर्मांत जे काही सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे पहिले. मार्ग, सत्य आणि जीवन असलेल्या ख्रिस्ताची घोषणा करणे हे तिचे अखंड कर्तव्य आहे, हे दुसरे. आपली अडचण अशी की आपल्यापैकी काही जण केवळ पहिले विधान वाचतात, तर काही केवळ दुसरे. सन २००० मध्ये ‘डोमिनुस येसुस’ या घोषणापत्राने ख्रिस्त हाच एकमेव तारणारा असल्याचे ठामपणे मांडले, तेव्हा एक गट दुखावला. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे पोप फ्रान्सिस यांनी तरुणांशी बोलताना धर्मांना परमेश्वराकडे जाण्याच्या भाषांची उपमा दिली, तेव्हा दुसरा गट अस्वस्थ झाला. दोन्ही वेळी अर्धेच ऐकले गेले.

‘सर्व धर्म सारखेच’ असे म्हणणे हा आदर नव्हे. असे म्हणणारा आपल्या शेजाऱ्याची श्रद्धाही गंभीरपणे घेत नाही आणि स्वतःचीही घेत नाही. ‘बाकी सारा अंधार’ असे म्हणणारा मात्र पवित्र आत्म्याच्या कार्याला आपल्या धर्मग्रामाचे कुंपण घालतो. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी ख्रिस्तापूर्वीच्या विचारवंतांतही दैवी शब्दाचे बीज पाहिले होते. बीज हे पीक नव्हे, हे खरे. पण ते पायदळी तुडवायचे नसते.

आपल्या मराठी मातीने याची साक्ष दिली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रकाशित झालेले ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते संतांनी घडवलेल्या ओवी छंदात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. पूल कुचकामी असता तर टिळक पैलतीरी पोहोचले असते काय?

आता मोदकांकडे वळू या. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न करिंथकरांनाही पडला होता. संत पौल त्यांना सांगतात की अन्न आपल्याला परमेश्वराच्या जवळ नेत नाही वा दूर लोटत नाही; मात्र अन्य उपासनेत सहभागी होऊ नये आणि दुर्बळ बंधूच्या विवेकबुद्धीला ठेच लागू देऊ नये. म्हणून आरतीत उपासक म्हणून उभे राहणे वेगळे आणि शेजारणीचा स्नेह स्वीकारणे वेगळे. ज्याचे मन अडखळते त्याने नम्रपणे हात जोडावेत. दार मात्र कोणीही लावू नये.

आम्हांला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. उद्या त्याच माउलीने सहज विचारले, ‘तुमचा येशू कोण हो?’, तर आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे काय? आपल्या मौनाला आपण सहिष्णुता म्हणत असू, पण पुष्कळदा ते केवळ आपले अज्ञान असते. संत पेत्र आपल्या आशेचे कारण सांगायला सदैव सिद्ध राहण्यास सांगतात, आणि तेही सौम्यतेने व आदराने.

आलेले ताट रिकामे परत करू नये, ही आपली रीत आहे. नाताळात नेवऱ्या आणि कुलकुले घेऊन आपण तिच्या दारी जातोच. या वर्षी त्या ताटासोबत गव्हाणीतील बाळाविषयी दोन शब्दही नेऊ या, आणि तिचे दोन शब्द मनापासून ऐकून घेऊ या.