विजेचे पहारेकरी

घरांतील फ्यूज उडाली कीं आपल्याकडे प्रथम तिलाच नांवें ठेवण्याची चाल आहे. तार फार बारीक, असें म्हणून कोणी शेजारी जाड तार आणून घालतो आणि दिवा लागतांच मंडळी समाधान पावतात. आमच्या मतें त्या घरानें पहारेकऱ्यास झोपेचें औषध पाजलें! भिंतींतील तार तापून पेट घेईपर्यंत आतां कोणी हांक मारणार नाहीं.

विद्युत्केंद्रापासून घरापर्यंत पसरलेल्या जाळ्यावरही असे पहारेकरी बसविलेले असतात. त्यांस रिले म्हणतात. तारेवर झाड पडलें, आकाशांतील वीज कोसळली, कीं प्रवाह एकाएकीं भडकतो. रिले तें ओळखून ब्रेकरला हुकूम देतो व तेवढाच भाग क्षणार्धांत तुटतो. सारें कसब या 'तेवढाच' शब्दांत आहे. बिघाडाजवळच्यानें आधीं हलावें, दूरच्यानें थोडें थांबावें. नाहीं तर एका गल्लीपायीं सबंध शहर अंधारांत जावयाचें.

परंतु पहारेकरीही फसतो. ३० जुलै २०१२ रोजीं पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली आणि उत्तर भारताचें जाळें कोसळलें. चौकशींत असें दिसून आलें कीं, वाहिनींत बिघाड मुळीं नव्हताच. भारच इतका चढला होता कीं रिलेला तो दूरच्या बिघाडासारखा भासला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं उत्तर, पूर्व व ईशान्य हीं तिन्ही जाळीं गेलीं. सुमारें साठ कोटी लोकांच्या मुलखांतील वीज नाहींशी झाली, आगगाड्या खोळंबल्या, आणि बंगालच्या कोळशाच्या खाणींत मजूर जमिनीखालीं अडकून पडले. पश्चिमेचें जाळें मात्र तगलें, म्हणून महाराष्ट्रांत दिवे जळत राहिले.

एकट्या रिलेस दोषी धरणें आम्हांस मान्य नाहीं. कित्येक राज्यें ठरल्याहून अधिक वीज ओढीत होतीं. भार वाढून जनित्रांची गति मंदावतांच कांहीं भाग आपोआप तोडणारे रिलेही असतात. ते ऐन वेळीं पुरेसे कामास आले नाहींत. अंधार पडावयाचाच तर शेजाऱ्याकडे पडो, ही वृत्ति आणि ती जाड तार, यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

नव्या घरांतून फ्यूजच्या जागीं लहान ब्रेकर आले आहेत. त्यांचें बटण पुनःपुन्हां खालीं पडूं लागल्यास तें बळेंच वर ढकलूं नये. पालकांनीं जाणत्या वायरमनला बोलावून कारण शोधावें, व तो येईपर्यंत मुलांनीं तेथें हात लावूं नये.